अर्ध्या जेवणावरून उठलेले

दुपारचे अडीच. मुक्ता पोंक्षे शाळेच्या रिकाम्या वर्गात टेबलावर डोकं टेकते, पाचच मिनिटं म्हणून. चार वाजता जंतूंची पिंपं बोअरमध्ये ओतायची आहेत. सहा वर्षं खपून तिनं त्या जंतूंच्या अंगी एक नवा गुण घातलाय: कारखान्यानं जमिनीत मुरवलेलं रसायन खाऊन संपवण्याचा. सही तिचीच लागणार. पंख्याची घरघर लांब लांब जाते, आणि लांबून कुणीतरी रहाट ओढतंय असं वाटू लागतं.

रहाट खरंच ओढला जातोय. ओढणारी द्वारकामावशी आहे, इथल्या अंगणवाडीत खिचडी रांधणारी. दोन वर्षांपूर्वी मूत्रपिंडं निकामी होऊन ती गेली. जन्मभर गावच्या याच विहिरीचं पाणी प्यायली होती. मावशी गेलीय हे मुक्ताला ठाऊक आहे, तरी ती विचारते ते भलतंच, जेवलात का म्हणून.

मावशी रहाट सोडते. तुमचे जंतू बघायचेत म्हणते.

मुक्ता पुढे होते. विहिरीच्या पायऱ्या उतरता उतरता प्रयोगशाळेची फरशी पायाला लागते. घोट्यापर्यंत पाणी. दोन्ही बाजूंना पंगत मांडलेली, पण जेवणारे दिसत नाहीत. नुसता चघळल्याचा आवाज. मुक्ता घाईघाईनं समजावू लागते, की हे फक्त विष खातात, विष संपलं की उपाशी मरतात, सगळं तपासून झालंय. आपलाच आवाज तिला सभेतल्यासारखा वाटतो.

मावशी एका पानापाशी वाकते. "म्याडम, हे अर्ध्यावरच उठल्यात."

पानात उरलेलं मुक्ता ओळखते. काही जंतू पिढ्या उलटता उलटता तो गुण अर्धा टाकून देतात. मग ते रसायन अर्धंच तोडतात, आणि उरतं ते मूळ विषाहून वाईट, गोडसर वासाचं. चाचणीच्या तीन टाक्यांपैकी तिसरीत ते एकदा दिसलं होतं. यंत्राची चूक असेल, असं सगळ्यांनी ठरवलं. तिनंही मान डोलावली.

"हे कोण पिणार?" मावशी विचारते.

पाणी गुडघ्याशी आलंय. समोर अंगणवाडीतली मुलं पेले पुढे करून बसलीत, आणि मावशी बादलीतून वाढायला निघालीय. मुक्ता धावते, कोपरापर्यंत हात बादलीत घालून तिला अडवते. पाणी हाडं गोठवणारं.

"थांबा मावशी. आज नको."

"मग तसं ओतणाऱ्यांना सांगा की. मला काय सांगताय?"

डोळे उघडतात तेव्हा तीन वाजून गेलेत. बाहेर पिंपांची गाडी येऊन उभी आहे. मुक्ता प्रकल्पप्रमुख राजाध्यक्षांना फोन लावते. आज काहीही ओतायचं नाही, तिसऱ्या टाकीचं पाणी दुसऱ्या प्रयोगशाळेतून पुन्हा तपासायचं, असं सांगते. परवानगीला दीड वर्ष गेलं, याची ते आठवण करून देतात. मग विचारतात, आधार काय?

"तिसऱ्या टाकीत ते दिसलं तेव्हा मी गप्प बसले होते, सर," ती म्हणते.

फोन खाली ठेवताना उजवी बाही टेबलाला चिकटते. कोपरापर्यंत चिंब आहे. मुक्ता ती नाकाशी नेते. गोडसर, भुलीच्या औषधासारखा वास येतो.