हाळावरच्या भागाजिजी

भागाजिजींना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्या गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या. मी नवी सून म्हणून ब्राह्मणपुरी गावात आले होते. आमच्या या थोरल्या जाऊबाई काष्टा खोचून विहिरीजवळच्या हाळात, म्हणजे गुरांच्या दगडी हौदात, उतरल्या होत्या आणि काथ्याने शेवाळ खरवडत होत्या.

हाळ साऱ्या गावाचा, पण तळाचा गाळ उपसायच्या त्या एकट्याच. कुणी हसलं तर म्हणायच्या, "ढोर मुका जीव शे. पानी वास मारस, असं ते तुले सांगी का?"

थोरले दीर लवकर वारले. पदरी मूल नव्हतं. तापीपलीकडे धाकटा भाऊ होता, उखा, आमच्या घरातल्या मुलांचा उखामामा. आई गेल्यावर जिजींनीच त्याला कडेवर वाढवलेलं. दर अक्षय्य तृतीयेला, आमच्या आखाजीला, तो गाडी घेऊन त्यांना माहेरी न्यायला यायचा.

एका उन्हाळ्यात त्याच्या गावाकडे बुळकांडीची साथ आली. गुरं धडाधड मरत होती. तरी उखामामा गाडी घेऊन आले. तहानलेले बैल थेट हाळाकडे वळले. त्यांचे गळणारे डोळे आणि तोंडाची लाळ पाहताच जिजी त्यांना आडव्या गेल्या.

"उखा, यासले आठे पानी नही."

"बाई, मन्हा बैल शेतस!"

"तुन्हा शेतस. पन हाळ गावना शे."

त्यांनी घरची बादली आणली आणि बैलांना लांब निंबाखाली स्वतः पाणी पाजलं. पण माणसं जमली होती. मामांचा चेहरा उतरला. "गावना मोऱ्हे मन्हा अपमान कया तू," एवढंच बोलून त्यांनी रिकामी गाडी वळवली. जिजी शिवेपर्यंत मागे धावल्या. गाडी थांबली नाही.

ते दोन्ही बैल पुढे मेले. आमच्या गावात एक वासरूही दगावलं नाही. मामा मात्र पुन्हा कधी आले नाहीत. आखाजीला गावातल्या सुना माहेरी निघायच्या, झोक्यांवर गाणी चालायची, तेव्हा जिजी हाळात उतरायच्या. मी हात धरला की म्हणायच्या, "ऱ्हाऊ दे माय. कामले हात लाग्या म्हंजे मन ऱ्हास."

पुढे त्या तापाने अंथरुणाला खिळल्या. आमच्या घरच्यांनी तापीपलीकडे माणूस धाडला. उखामामा तसेच निघाले, उशाशी येऊन बसले. जिजींनी डोळे उघडले, पण ओळख पटेना.

"उखा उना का?" त्यांनी मामांनाच विचारलं.

"बाई, मीच उखा."

"नही. तो मन्हावर रागे भरेल शे."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मग जिजींचा तापलेला हात हातात घेऊन, उखा वाटेतच आहे, येतोच आहे, अशा सुरात म्हणाले, "येई ऱ्हायना, बाई. गाडी तापीमा शे."

"बरं," जिजी म्हणाल्या, आणि दाराकडे तोंड करून वाट पाहत राहिल्या.

सकाळी त्या गेल्या. दार उघडंच होतं. आणि मामा अजून त्यांच्या कानाशी वाकून सांगत होते, "येई ऱ्हायना, बाई. येई ऱ्हायना."