माझं नाव सांग

चिंचोळीच्या एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. एकदा मॅनेजरसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "सगळ्यांच्या मशीनवरचे खेळ, गाण्यांची ॲप बंद करून टाक. कुणी विचारलं तर माझं नाव सांग. माझा पत्त्यांचा खेळ तेवढा राहू दे."

मी जागेवरूनच सेटिंग बदललं.

दुसऱ्या दिवशी अकाउंट्समधल्या बाईंची तेलुगू गाणी लागेनात. आम्ही रोज शेजारी बसून डबा खायचो. मी म्हणालो, "साहेबांनीच सांगितलंय." त्या तडक केबिनमध्ये गेल्या. साहेब बाहेर आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मी कशाला असलं सांगू? ह्यालाच लई हौस हाय." सगळे हसले.

संध्याकाळी साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मनावर घेऊ नको. माणसं माझ्यावर नाराज होऊन कसं चालेल?"

तो हात मी झटकला नाही, याचा मला अजून राग येतो. बाई त्या दिवसापासून डबा घेऊन खिडकीपाशी एकट्या बसू लागल्या.