निंबाला टांगलेला चंद्रावरचा चेंडू

गोळाफेकीचा लोखंडी गोळा जाळीत घालून मी मैदानातल्या निंबाला टांगला होता. समोर नववीच्या मुली. खुर्चीवर इन्स्पेक्टर साहेब, शेजारी आमच्या हेडमिस्ट्रेस. साल १९५९, रशियाचं यान चंद्रावर आदळल्याची बातमी ताजी होती, म्हणून इन्स्पेक्शनसाठी मी तोच विषय घेतला होता: चंद्रावर चेंडूचे खेळ कसे होतील?

गोंदियाच्या मुलींच्या हायस्कूलमध्ये मी सायन्स शिकवत होते. धडा रंगला. चंद्राची ओढ पृथ्वीच्या सहाव्या हिश्श्याइतकी. तिथे व्हॉलीबॉल सहापट उंच जाईल, सावकाश खाली येईल, नेट झाडाएवढं उंच बांधावं लागेल. मुली हसत होत्या. तिथेच थांबायला हवं होतं.

पण मला साहेबांना प्रयोगही करून दाखवायचा होता. मी म्हटलं, गोळ्याचं वजन आता दोरीने पेललं आहे, म्हणजे तो चंद्रावरच्यासारखा हलका झाला. हलका चेंडू लागत नाही. व्हॉलीबॉलच्या टीममधली यशोदा पुढे आली. मी गोळा जोरात ढकलला. तिने एका हाताने अडवला. मनगट उलटं वळलं. ती ओरडली नाही, खालीच बसली.

दवाखान्यात तिला प्लास्टर घालत होते तेव्हा माझी चूक माझ्या लक्षात आली. दोरी वजन पेलते. पण चालता गोळा थांबवायला किती जोर लागेल, ते त्यात लोखंड किती आहे यावर ठरतं. त्यालाच वस्तुमान म्हणतात. चंद्रावर नेलं तरी ते तेवढंच राहतं. हा धडा त्याच वर्गाला मीच शिकवला होता.

हेडमिस्ट्रेसनी तिच्या घरी, नागऱ्याला, निरोप पाठवला की मुलगी खेळताना पडली. मला गप्प राहायला सांगितलं. मी राहिले. मग तिचा काका शाळेतून तिचं नाव काढायला आला. तेव्हा मी रिक्षा करून नागऱ्याला गेले.

तिच्या वडिलांची धानाची शेती होती. त्यांनी मला खाटेवर बसवलं, चहा सांगितला. अंगणात त्यांचे भाऊ बसले होते. यशोदा दारात उभी होती, हात गळ्यात बांधलेला.

"शाळेत नाचून राहिली अन् पडली," वडील म्हणाले. "वरून खोटं बोलते. म्हणे बाईनं गोळा मारला. आता कायले पाठवू तिले?"

मला तिच्याकडे पाहवेना.

"ती खरं बोलते," मी म्हटलं. "गोळा मीच ढकलला."

"काऊन?"

मी चंद्राचं सांगायला लागले आणि मध्येच थांबले. म्हटलं, "साहेबांपुढे हुशारी दाखवायला."

चहा आला, पण मला तो घेता येईना. वडील मुलीकडे बघत होते. मग हळू म्हणाले, "इतके दिवस मी तिले खोटी म्हणून राहिलो. तुमी हे शाळेतही सांगा. मग पाठवतो."

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर मी सगळ्या शाळेसमोर ते सांगितलं. मागच्या मुलींसाठी दोनदा सांगावं लागलं. हेडमिस्ट्रेस उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत.

यशोदा परत आली, मॅट्रिकही झाली. मनगट मात्र पूर्ण वळेना, व्हॉलीबॉल सुटला. पुढे मी प्रयोगाला मुलगी बोलावली की वर्गात कोणी उठत नसे. मग मीच स्वतःवर करून दाखवू लागले. वजन आणि वस्तुमान यांतला फरक मुली पुस्तकातून शिकतात. मी तो दुसऱ्याच्या मनगटावर शिकले.