वीस जीबीची वाटणी

आर्वीहून वर्ध्याला येणाऱ्या संध्याकाळच्या बसमध्ये मी कागदावर चौकोन आखत बसलो होतो. घरच्या कॉम्प्युटरवर विंडोज ठेवून पहिल्यांदाच लिनक्स बसवायचं होतं, आणि त्यासाठी वीस जीबीच्या हार्ड डिस्कचे भाग पाडायचे होते. दहा विंडोजला, पाच लिनक्सला, एक स्वॅपला, म्हणजे मेमरी कमी पडली तर वापरायच्या जागेला, चार फायलींना. काही उरलं नाही, म्हणून समाधान वाटलं.

रोहण्याला चढलेल्या साठीच्या एक बाई शेजारी बसल्या होत्या. मांडीवरच्या पिशवीतलं घडीचं लुगडं त्या पुन्हा पुन्हा हाताने दाबून नीट करत. कागद पाहून म्हणाल्या, "घराची वाटणी करून राह्यले का भाऊ?"

"नाही मावशी, कॉम्प्युटरची आहे."

"कशाची का असंना. बहिणीले काय ठेवलं?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

"माह्या भावायनंबी अशीच केली. चार भाऊ, चार खोल्या, हिशेब बरोबर. आता माहेरी सकाळी यायचं, सांजच्याले निंगायचं. लुगडं मातर दर खेपेले संगं असते, कोनी राह्य म्हटलं तं."

घरी मी विंडोजचे दहाचे आठ केले. बसवताना स्क्रीनवर सूचना आली, की दोन जीबी जागा कशालाच दिलेली नाही. ती वाचून मी पुढचं बटण दाबलं.