जळगाव कोर्टात माझा आवाज गेला

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. धुळ्यात असताना तर मी स्मशानाशेजारची खोली मुद्दाम भाड्याने घेतली होती — शेजारी भांडत नाहीत म्हणून! त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय...

मी ठिबक सिंचनाचं सामान विकतो, म्हणजे बोलण्यावरच जगतो. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात सावद्याला, सासऱ्यांच्या मळ्यात, भरीत पार्टी होती. तिथे सगळ्या पाहुण्यांसमोर मी सासूबाईंना म्हणालो, "आमच्या नरडाण्याला याला वांग्याची भाजी म्हणतात." भरितावर जीव टाकणाऱ्या सावद्यात! भरिताला! तेव्हापासून माधुरी आणि मी जे भांडायला लागलो, ते थेट परस्पर संमतीच्या घटस्फोटापर्यंत पोचलो.

शेवटची तारीख. जळगाव कोर्ट, भर दुपार. वकील म्हणाले, "भाऊ, जज विचारतील तेव्हा दोघांनी फक्त 'हो' म्हणायचं. भाषण नको."

जजमॅडमनी विचारलं, "तुमची संमती कायम आहे?"

मी तोंड उघडलं... आवाजच नाही! घसा दुखत नव्हता, जीभ हलत होती, बाहेर नुसती हवा. मग त्यांनी माधुरीला विचारलं. तीही गप्प! वकिलांनी कपाळाला हात लावला. मॅडम म्हणाल्या, "बाहेर बसा, ठरवा, मग या."

बाकावर माधुरी बोलली. "तुमाले काय झालं? बोला ना!" मी नुसती मान हलवली. तिने पाणी पाजलं. तरी काही नाही. "बरं झालं," ती म्हणाली, "आता माझं ऐका."

भरिताचं तर तिच्या मनातही नव्हतं. तिच्या वडिलांच्या ऑपरेशनच्या वेळी ती फोनवर रडत होती आणि मी तिला हॉस्पिटल कसं निवडावं ते शिकवत होतो... ती रडत होती हेच मला त्या बाकावर कळलं.

पुन्हा पुकारा झाला. त्याच प्रश्नावर माझ्या तोंडून खणखणीत निघालं — "नाही!" माधुरी म्हणाली, "माझीही नाही, मॅडम."

डॉक्टरांनी घसा तपासला. म्हणे टेन्शन. अहो, टेन्शनने माझं तोंड बंद होत असतं, तर लग्नातच झालं असतं!

परवा माधुरीला विचारलं, "आपला दोघांचा आवाज एकदमच कसा गेला गं?"

भांडी लावता लावता ती म्हणाली, "माझा कुठे गेला होता? तुमचं तोंड तसं उघडं पाहून मले 'हो' म्हनवेना."

तिचं कळलं. माझं अजूनही कळलेलं नाही. त्या दुपारी ज्याने कोणी माझा गळा धरला, बाबा, तुझे मनापासून आभार. आणि वेळेवर सोडलास, त्याचेही.