दातकाकांची दोन सीटांची गाडी

दातकाकांनी जन्मात कुणाचा दात काढला नाही. दात काढतात ते डॉक्टर. काका त्या रिकाम्या जागी बसवायच्या कवळ्या करतात. घराच्या मागच्या खोलीत खिडकीशी त्यांचं टेबल आहे. टेबलावर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले असतात, आणि एखादा पाहुणा बाथरूम समजून त्या खोलीत शिरला तर पंधरावीस जबडे एकदम त्याच्याकडे बघून हसतात. गल्लीतली निम्मी म्हातारी माणसं काकांच्या दातांनी जेवतात. कुणाची कवळी टोचायला लागली तर काका कधी त्या माणसाच्या तोंडाला दोष देत नाहीत. माप आपलं चुकलं, असं म्हणतात आणि पुन्हा घासायला बसतात.

असा हा सोशिक माणूस. आवाज चढवणार नाही, रांगेत घुसणार नाही, दुकानात कुणी मध्ये शिरलं तर "घ्या, घ्या, तुमचं होऊ द्या" म्हणणार. पण स्टिअरिंग हातात आलं की त्यांच्या अंगात काय संचारायचं देव जाणे. त्यांच्याकडे करड्या रंगाची एक सेडान होती. चार दारं, पाच माणसं, डिकीत दोन मोठ्या बॅगा आणि वर एक घडीची खुर्ची. दिसायला एखाद्या रिटायर्ड हेडमास्तरांची वाटावी इतकी साधी, पण इंजिन असं जबरदस्त की सिग्नल सुटला की शेजारच्या गाडीतला तरुण नुसता बघत राहायचा. काका आरशात त्याचं तोंड बघायचे आणि मिशीतल्या मिशीत हसायचे. पुढे कुणी दिसलं की त्याच्या पुढे जायचंच, हा त्यांचा नेम होता. मग पुढे ट्रक असो की वरात.

गाडीतल्या जागा ठरलेल्या होत्या, आणि आधीच्या दोन गाड्यांतही त्या तशाच होत्या. पुढच्या सीटवर काकांची आई, कारण गुडघे. आई गेल्यावर मुलगा, कारण मागे बसला की त्याला उलटी व्हायची. मुलगा नोकरीला लांब गेल्यावर सासूबाई, कारण त्या सासूबाई. आणि काकांची बायको सव्वीस वर्षं मागच्या सीटवर, बरोबर काकांच्या पाठीशी. तिने कधी तक्रार केली नाही, पण काकांना ते मनातून खात होतं. मग सासूबाई धाकट्या लेकीकडे राहायला गेल्या. पुढची सीट मोकळी झाली, आणि त्या दिवशीही बायको मुकाट मागचं दार उघडून मागे जाऊन बसली. त्या दिवशी काकांच्या डोक्यात आलं की मागची सीटच नसलेली गाडी घेतली तर?

हे कारण कितपत खरं आणि कितपत सोयीचं, यावर घरात बरीच चर्चा झाली. निम्मं निम्मं धरायला हरकत नाही.

सेडान साडूने घेतली. साडू म्हणजे त्याच धाकट्या मेहुणीचा नवरा, शहराबाहेर तासाभराच्या अंतरावर राहणारा. त्याचा त्या गाडीवर कितीतरी वर्षांपासून डोळा होता. आणि काकांच्या दारात आली एक जुनी पण ठणठणीत स्पोर्ट्स कार. पिवळीधम्मक. दोन दारं, दोन सीटा, वर कापडाचं छत, आणि बसायची जागा इतकी खाली की सीटवरून हात टाकला तर रस्त्याला लागावा.

आत बसणं एक वेळ सोपं होतं. बाहेर येणं ही वेगळीच विद्या निघाली. पहिल्याच दिवशी कवळ्यांचा डबा घेऊन काका दवाखान्यात गेले, दार उघडलं, उजवा पाय बाहेर टाकला, डावा आतच राहिला, आणि काका दोन्ही हात टेकून रस्त्यावर आले. डॉक्टरीणबाई नेमक्या दारात उभ्या होत्या.

"काही पडलं का तुमचं?" त्यांनी विचारलं.

"हो, एक स्क्रू," काका खालूनच म्हणाले, आणि बाई आत जाईपर्यंत तो स्क्रू शोधत राहिले.

बायकोने गाडीला एक फेरी मारली. भाव विचारायच्या आधी भाजीला हात लावून बघतात तसा छताला हात लावून बघितला.

"सामान कुठे ठेवायचं?"

"पायाशी."

"आणि पाय?"

दारातच उभ्या असलेल्या गाडीत बायको एकदा मिनिटभर बसली, उठली, आणि म्हणाली, "पाठीला टोचतं." आत जाऊन तिने कपड्यांच्या घड्या घालायला घेतल्या. विषय संपला.

एका रविवाराआड मेहुणीकडे जेवायला जायचं, ही या घराची जुनी पद्धत. आता साडूचा आदल्या दिवशीच फोन येऊ लागला. "ताईंना न्यायला मी येतो. तुम्ही या तुमच्या गाडीने सावकाश." त्यातलं 'सावकाश' काकांना फार लागायचं. साडू यायचा, पुढे सासूबाई, कारण त्यांना सकाळी फेरफटका हवा असायचा, आणि मागे काकांची बायको. काकांच्याच जुन्या गाडीत, आपल्याच जुन्या जागेवर. काका मागून एकटे पिवळ्या गाडीत.

हायवेला लागल्यावर काकांच्या एक गोष्ट लक्षात आली, ती त्यांनी बरेच दिवस कुणाला सांगितली नाही. पिवळी गाडी धावायला लागली की वारा कानात घुसायचा, इंजिन मांडीखाली गुरगुरायचं, डांबर अंगावर धावून यायचं. वाटायचं आपण विमान चालवतोय. काट्याकडे बघावं तर साठ. सेडान याच्या दुप्पट वेगाने जायची आणि आतला माणूस जांभया देत असायचा. आणि ही दाबली तरी सेडानच्या तोडीला येत नव्हती. काका साठवर विमान चालवत असताना सेडान शेजारून सूं करून पुढे गेली. साडूने एक हात बाहेर काढून हलवला. मागच्या दाराच्या काचेत बायको दिसली. खाली घातलेली मान, मिटलेले डोळे. आपल्याकडे बघायचीसुद्धा तिला लाज वाटतेय, असं काकांना वाटलं आणि त्यांचा जीव एवढासा झाला.

जेवताना सासूबाई, काकांनीच केलेल्या दातांनी चावत चावत म्हणाल्या, "तुमची गाडी आवाज फार करते हो. आणि येते उशिरा."

असे तीन रविवार गेले. गाडी विकून टाकावी इथपर्यंत काका आले होते. ती घेतली होती शेजारी बायको बसावी म्हणून, आणि शेजारी बसत होता कवळ्यांचा डबा. पण मंगळवारी दुपारी एका आजोबांची कवळी घासता घासता त्यांना सुचलं. टोचतंय ना? मग माप घ्यायचं. आपला धंदाच तो आहे.

संध्याकाळी बायको बाहेरून आली, गाऊन घालून हॉलमध्ये आली, तो सगळीकडे वर्तमानपत्रं पसरलेली. मध्ये पाटावर कपडे धुवायचा टब, टबात पांढरं प्लास्टर, त्यावर जाड प्लास्टिक आणि टॉवेल. टबाच्या मागे खुर्ची उलटी करून पाठीसाठी सोय केलेली. शेजारी काका, कोपरापर्यंत पांढरे.

"बस यात," काका म्हणाले.

"तुम्ही शुद्धीवर आहात ना?"

"दहा मिनिटं. फक्त हलायचं नाही. याच्यावरून गादी करतो, अशी करतो की पाठीला कळणारसुद्धा नाही."

बायको इतकी थक्क झाली की बसली. नाही म्हणायलाही माणसाला थोडा वेळ लागतो, आणि प्लास्टर तेवढा वेळ देत नाही.

"गरम लागतंय," ती थोड्या वेळाने म्हणाली.

"लागणारच. म्हणजे धरतंय."

दहा मिनिटांनी काका म्हणाले, "झालं, ऊठ." बायको उठली, आणि तिच्याबरोबर टबही चार बोटं वर उठला. गाऊनची किनार प्लास्टिकच्या कडेवरून घसरून प्लास्टरमध्ये गेली होती आणि तिथेच दगड झाली होती. ती पुन्हा खाली बसली. काका कात्री आणायला धावले.

"कात्री लावायची नाही. नवा गाऊन आहे," ती म्हणाली. "ज्याने अडकवलं त्याने सोडवायचं."

मग काकांनी कामाचा बारीक चाकू आणला आणि तिच्या मागे जमिनीवर मांडी घालून बसले. एकेक टवका काढायचा, फुंकर मारायची, पुढचा टवका. कवळीचं काम असावं तसं. घरात नुसता खरवडल्याचा आवाज. पाच-सात मिनिटं अशी गेली. काकांची पाठ आखडली होती, हे तिला मान न वळवताही कळत होतं.

"राहू द्या हो," बायको एकदम म्हणाली. "मला पाठीला काही टोचत नव्हतं."

"मग?"

"मला भीती वाटते."

"या गाडीची? अगं, ही त्या गाडीपेक्षा—"

"गाडीची नाही. तुमच्या चालवण्याची."

चाकू थांबला. "कधीपासून?"

"लग्नानंतर पहिल्यांदा बसले तेव्हापासून. मागे बसलं की तुमच्या पाठीआड तो काटा दिसत नाही, रस्ता दिसत नाही. मी डोळे मिटते आणि मनात पाढे म्हणते. बेपासून सुरू केलं की सत्तावीसच्या पाढ्याला धाकटीचं घर येतं. पाऊस असला की तुम्ही जरा हळू चालवता, तेव्हा तिसापर्यंत जाऊन परत बेपासून."

"आणि आता? साडूच्या गाडीत?"

"ती गाडी हातात आल्यापासून त्यालाही तुमचंच वारं लागलंय. बाविसालाच पोचवतो."

"अगं पण मला सांगायचं तरी."

"काय सांगायचं? आठवडाभर त्या जबड्यांसमोर मान मोडून बसायचात. गाडीत बसलात की चेहरा कसा खुलायचा तुमचा. म्हटलं, तासाभराचा तर प्रश्न आहे."

सव्वीस वर्षं गावभरच्या माणसांना काय आणि कुठे टोचतंय ते या माणसाने नुसत्या चेहऱ्यावरून ओळखलं होतं. घरातलं मात्र कळलं नव्हतं. ती मागे बसते म्हणून आपण तिची कीव करत होतो, आणि ती आपल्यापासून लपायला तिथे बसत होती. काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी पुन्हा चाकू चालवायला घेतला, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. गाऊन सुटला तेव्हा त्याचा एक धागाही तुटला नव्हता.

"चाळिसाने चालवली तर बसशील?" त्यांनी हात धुता धुता विचारलं.

"चाळीस म्हणजे किती?"

"सायकलवाले मागे राहतील. बाकी सगळे पुढे जातील."

"आणि ते पुढे गेलेले तुम्हाला बघवेल?"

काकांनी जरा विचार केला. खोटं बोलायची ही वेळ नव्हती. "माहीत नाही," ते म्हणाले.

रविवारी साडूला येऊ नको म्हणून कळवलं. गादी चोख झाली होती, त्यात वादच नाही. बायको तीवर बसली, पायाशी पिशवी घेतली, पाय कुठेतरी घातले, दोन्ही हातांनी सीटची कड घट्ट धरली आणि डोळे मिटले. गाडी निघाली. काकांनी तिरक्या नजरेने बघितलं तर तिचे ओठ हलत होते. बे एके बे.

हायवेला लागल्यावर काकांची खरी परीक्षा सुरू झाली. आधी बस पुढे गेली. मग कपाटांनी भरलेला टेम्पो गेला. मग पाण्याचा टँकर गेला आणि जाता जाता काचेवर शिंतोडे उडवून गेला. एक माणूस स्कूटरवर लांब शिडी घेऊन चालला होता, तोही पुढे गेला, आणि शिडीचं मागचं टोक बराच वेळ काकांच्या नाकासमोर हलत राहिलं. काकांच्या उजव्या पायाला मुंग्या आल्या. एकदा तर पाय आपोआप खाली जायला लागला, पण त्यांनी तो उचलला आणि काटा चाळिसावर आणला. शिडी हळूहळू लहान होत गेली. वारा कानाशी होता, इंजिन मांडीखाली गुरगुरत होतं, आणि चाळिसालाही ही गाडी धावल्यासारखीच वाटत होती.

बऱ्याच वेळाने त्यांनी पुन्हा शेजारी बघितलं. आतापर्यंत तेराचा पाढा तरी चालू असायला हवा होता. पण ओठ हलत नव्हते. सीटची कड सुटली होती आणि बायको डोळे उघडे ठेवून बाहेर बघत होती.

"हे तळं कधी झालं?" तिने विचारलं.

रस्त्याच्या डाव्या हाताला खूप मोठं तळं होतं. काठाने उंच गवत, पाण्यात उभे दोन बगळे, पलीकडच्या काठावर कुणाचीतरी छोटी होडी उलटी घालून ठेवलेली.

"पहिल्यापासून आहे," काका म्हणाले.

"पहिल्यापासून म्हणजे?"

"आपल्या लग्नाच्याही आधीपासून."

दर पंधरा दिवसांनी, इतकी वर्षं, ती या पाण्याच्या काठाने गेली होती. काकांनी गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केल्यावर गवतातला वारा ऐकू येऊ लागला.

"धाकटी जेवायची थांबली असेल," बायको म्हणाली, पण निघायची घाई तिलाही दिसली नाही. बराच वेळ ती त्या बगळ्यांकडे बघत होती. मग तिने विचारलं, "पुढे अजून काय काय आहे हो या रस्त्याला?"

काका आठवायला लागले. पण हे तळंसुद्धा त्यांना ठाऊक होतं ते ओव्हरटेक करायला सोयीचं वळण म्हणून. या रस्त्यावर त्यांनीही आजवर पुढच्या गाडीशिवाय काही बघितलं नव्हतं.

"चल, बघू," ते म्हणाले.