तुमचं घर एक्स्चेंजपासून किती लांब?

दुकानात माल पडून राहिला की माझा जीव वरखाली होतो. एकच माल असा, की कितीही साठला तरी मला चिंता नाही. तो म्हणजे गिऱ्हाइकांचे किस्से! नव्वदचं दशक सरत आलं होतं. सांगलीत, विश्रामबागेत, मी आणि माझा पार्टनर सुन्या लोकांच्या घरी इंटरनेट जोडून द्यायचो. ते यायचं फोनच्याच तारेवरून. टेलिफोन एक्स्चेंजपासून तार लांबली, तिला चार ठिकाणी जोड आले, की वेग मेलाच. म्हणून दारात आलेल्या माणसाला बसा म्हणायच्या आधी आम्ही विचारायचो, "तुमचं घर एक्स्चेंजपासून किती लांब?"

* * *

एका प्राध्यापकांनी हे फारच मनावर घेतलं. भाड्याचं घर बदलायचंच होतं, ते त्यांनी थेट एक्स्चेंजच्या मागच्या गल्लीत घेतलं. टेम्पोतून सामान उतरत होतं, आणि आम्ही वायर घेऊन हजर! प्राध्यापकीण बाईंनी नळ सोडून बघितला. कोरडा ठाक.

"अहो, इथं पाणी कधी येतं, विचारलंत का?"

सर मॉडेमचा खोका छातीशी धरून उभे. म्हणाले, "पाणी एक दिवसाआड. पण लाइन काय स्वच्छ आहे!"

बाईंनी त्या दिवशी चूल पेटवली नाही. शेवटी सुन्याच सगळ्यांसाठी भेळ घेऊन आला.

* * *

तेव्हा कनेक्शनचे दोन प्रकार. एकावर नुसती अक्षरं दिसायची, ते स्वस्त. दुसऱ्यावर चित्रंही दिसायची, ते चांगलंच महाग. एक बेदाण्याचे व्यापारी आले. मी त्यांना अर्धा तास दोन्हींतला फरक समजावून सांगितला. घसा बसला माझा!

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अक्षरांचं द्या. चित्रं काय, घरात कॅलेंडर हाय की!"

* * *

एक डॉक्टर तावातावानं आले. "खोक्यावर छप्पन्नचा स्पीड लिहिलाय. माझ्याकडे त्याच्या निम्मासुद्धा येत नाही. फसवता काय?"

मी काही बोलणार, एवढ्यात सुन्यानं बाहेर उभ्या त्यांच्या स्कूटरकडं बोट केलं. "डॉक्टर, हिच्या काट्यावर शंभरपर्यंत आकडे हायत. माधवनगरच्या रस्त्यावर शंभरनं येता काय?"

डॉक्टर हसले, म्हणून वाचलो. मी मात्र सुन्याला दोन दिवस काउंटरवर बसू दिलं नाही.

* * *

म्हसवडहून एकाचा फोन आला. मी सवयीनं विचारलं, एक्स्चेंज किती लांब?

"लांब कुठलं? दारात उभं राहिलं की समोरच दिसतंय!"

म्हटलं वा, असं गिऱ्हाईक शोधून सापडायचं नाही. "मग परवा येतो. तुमचा फोन नंबर सांगा."

"फोन अजून न्हाई वो, हे बूथवरनं बोलतोय. अर्ज केलाय!"

* * *

साताऱ्याच्या एका वकिलांचं इंटरनेट रोज दुपारी तुटायचं. आम्ही एसटीनं दोनदा गेलो. वायर बदलली, मॉडेम बदलला, काही उपयोग नाही. तिसऱ्या वेळी मी नुसता बसून राहिलो. आतल्या खोलीत त्यांचा दुसरा फोन होता, त्याच लाइनवरचा. दुपारची झोप झाल्यावर वकिलांच्या आत्या उठल्या, त्यांनी तो उचलून कानाला लावला आणि इकडं इंटरनेट कट्ट!

"आत्या, फोन कशाला उचलता हो?"

"लय वेळ वाजला न्हाई. म्हटलं जित्ता हाय का बघावं!"

तेव्हापासून 'आत दुसरा फोन आहे का?' हाही आमचा प्रश्न झाला.

* * *

आता सुभेदार आप्पांचं सांगतो. पलटणीतून रिटायर झालेले. माधवनगरच्या पुढं उसात घर, तारेच्या अगदी शेवटच्या खांबावर. एक फोन बाहेर, एक स्वयंपाकघरात. मी म्हटलं, "आप्पा, इथं वेग मिळायचा नाही. फोटो आला तर वरनं खाली, पट्टी पट्टीनं उतरेल."

"उतरंना का. लेकाचा फोटो यायचाय!"

लेक प्रकाश अमेरिकेत. त्यानं तिकडं एक मुलगी पसंत केली होती. फोनवर स्पष्ट बोलला होता, "फोटो बघा. तुमी न्हाई म्हणालात तर न्हाई." पोरगं शब्दाचं पक्कं. आप्पाही पक्के. "जरा जरी खटकलं, तरी नकार!" असं त्यांनी आल्या आल्या मलाच बजावलं. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

लाइन लागली. आप्पा कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर सावधानमध्ये उभे. एक पट्टी उतरली. "क्येस काळं हायत." दुसरी उतरली. "भांग सरळ हाय." तिसरी. कपाळ आलं, कपाळावर टिकली!

"अगं बया, भाकरी करपली!" म्हणत काकू आत पळाल्या. आणि लाइन कट्ट.

मी पुन्हा लावली. पुन्हा केस, पुन्हा भांग, पुन्हा टिकली. काकूंची दुसरी भाकरी करपली. लाइन कट्ट!

"लय लांब पडतंय रं एक्स्चेंज," आप्पा हळहळले. मी तारेचा जोड पुन्हा उघडून बघितला. एवढ्या लांब येऊन नाक कापलं गेलं होतं.

काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. "आवं, टिकली दिसली न्हवं? परमुलखात ऱ्हाऊन पोरगी टिकली लावती. आनि काय बघायचंय? बाकीची लग्नात बघू की!"

आप्पा येरझाऱ्या घालायला लागले. मिशीवरनं हात फिरवला. मग माझ्याकडं वळून हुकूम सोडला, "लिव्ह. पसंत हाय."

ते ई-मेलचं पत्र एका दमात गेलं. आप्पा खूश! "बघितलंस? शुभ कामाला लाइन कशी लागती!"

मी पाणी प्यायला आत गेलो. परडीत भाकऱ्या रचलेल्या, एकीलाही डाग नाही. शेजारी फोन. त्याच्या रिसीव्हरवर ज्वारीच्या पिठाची पाच बोटं उमटलेली.

काकूंनी पदराच्या टोकानं रिसीव्हर स्वच्छ पुसला आणि म्हणाल्या, "च्यात साखर किती घालू, बाळा?"